मुंबई ते सिंगापूर: अंतर किती, वेळ किती आणि घरातून निघायचं कधी

आमच्याकडे कोणालाही सिंगापूरला जायचं असलं की पहिला फोन मला येतो. दादा-वहिनी तिकडे राहतात, त्यामुळे आई-बाबा, मावशी, वहिनीचे आईवडील, कोणी ना कोणी सारखं जात-येत असतं, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, "अगं, किती तास लागतात?" हल्ली मी उलट विचारते की कुठून कुठपर्यंत? विमान हवेत असतं तेवढे तास, तिकिटावर लिहिलेले तास, की डोंबिवलीच्या घराला कुलूप लावल्यापासून दादाच्या दाराची बेल वाजवेपर्यंतचे? पहिलं उत्तर पावणेपाचच्या आसपास, दुसरं साधारण साडेपाच, आणि तिसरं बारा तासांच्या वर. लोक पहिलं किंवा दुसरं ऐकतात आणि तिसऱ्याची तयारी न करता निघतात, मग तिकडे पोचून दिवसभर झोप काढतात.

तर हे सगळं स्वतः कसं काढायचं ते सांगते. उदाहरण मुंबई-सिंगापूरचंच घेते कारण ते मला पाठ झालंय, पण रीत कुठल्याही दोन शहरांना चालते.

आधी अंतर. गूगल मॅप्स कॉम्प्युटरवर उघडा, मुंबई विमानतळावर राइट क्लिक करून अंतर मोजायचा पर्याय घ्या आणि चांगी विमानतळावर क्लिक करा, ३९०० किलोमीटरच्या आसपास आकडा येतो. झालं. पण मला हे शाळेतल्या गणिताने काढायला जास्त मजा येते, आणि नेट नसलं तरी जमतं. मुंबई १९.१ अंश उत्तर, ७२.९ पूर्व. सिंगापूर १.४ उत्तर, १०४ पूर्व. म्हणजे अक्षांशात फरक १७.७, रेखांशात ३१.१. एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर, तर उत्तर-दक्षिण अंतर झालं १९६५. रेखांशाचं मात्र तसं नाही, विषुववृत्तापासून लांब जाल तशा त्या रेषा जवळ जवळ येतात, म्हणून तिथे मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. मधला अक्षांश सव्वादहा धरा, कोसाइन ०.९८४, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर साधारण ३३९७. आता पायथागोरस, दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, उत्तर ३९२४. नववी-दहावीतलं गणित आहे आणि मॅप्सच्या आकड्याच्या इतकं जवळ येतं की पहिल्यांदा काढलं तेव्हा मी दोनदा तपासलं.

पण हे इथेच एवढं छान जुळतं, कारण सिंगापूर विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे आणि मुंबईही फार वर नाही. हीच युक्ती मुंबई-टोकियोला लावली तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जास्त येतं, कारण पृथ्वी गोल आहे आणि पायथागोरस सपाट कागदावरचा. तिथे खरं अंतर ६८०० च्या जवळपास, गणित ६९०० च्या वर जातं. लांबच्या आणि उत्तरेकडच्या प्रवासाला पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघायचा, दोरा जिथून जातो तोच सगळ्यात जवळचा रस्ता, नकाशावर तो वाकडा दिसतो म्हणून घाबरायचं नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा, काही वेबसाइट अंतर मैलात देतात, काही नॉटिकल मैलात. साध्या मैलात हे २४२५ च्या आसपास येतं, नॉटिकलमध्ये २१०० च्या आसपास, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. दोन ठिकाणी वेगळे आकडे दिसले की बाबा लगेच म्हणतात हे इंटरनेटवरचं काही खरं नसतं, तर बाबा, एककं बघा आधी.

आता हा दोरा कुठून जातो ते बघा, कारण त्यात एक गंमत आहे. मुंबईहून सरळ रेषा आग्नेयेकडे जाते, ती पुण्याच्या आसपासच्या आकाशातून, मग दख्खन ओलांडून आंध्रच्या किनाऱ्यावरून बंगालच्या उपसागरात, तिथून निकोबारच्या बेटांवरून मलाक्काच्या सामुद्रधुनीत आणि खाली सिंगापूर. म्हणजे पुणेकर चार-पाच तास घालवून, एक्सप्रेस वेवर घाटात अडकून, सहारला येतो आणि विमानात बसून पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत परत आपल्याच गावावरून जातो. विमान अगदी दोऱ्यासारखं जात नाही अर्थात, हवाई मार्ग ठरलेले असतात, उपसागरात ढग उभे असले तर वळसा घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच उडतं.

अंतरावरून वेळ काढायची तर माझा हिशोब असा, किलोमीटरला ८५० ने भागा आणि वर ४० मिनिटं टाका. ३९०० भागिले ८५० म्हणजे साडेचार तासांच्या जरा वर, त्यात ४० मिनिटं, झाले सव्वापाच तास. ती ४० मिनिटं कशाची? गेटपासून धावपट्टीपर्यंत सरपटत जायचं, रांगेत थांबायचं, वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो, आणि उतरल्यावर परत गेटपर्यंत जायचं. तिकिटावरची वेळ ही गेट ते गेट असते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणून कॅप्टन सांगतो की आपला उड्डाणाचा वेळ चार तास पन्नास मिनिटं आणि शेजारचे काका म्हणतात अरे वा, लवकर पोचणार, नाही काका, वेळेवरच पोचणार.

आणि सुटताना मुंबई असेल तर ४० ऐवजी ५०-५५ मिनिटंच धरा. आपल्या जुन्या विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, सगळा कारभार एकीवरच. रात्री परदेशी विमानांची गर्दी असते तेव्हा तुम्ही खिडकीतून पुढच्या विमानांची शेपटं मोजत बसता. विमान कंपन्यांनाही हे माहीत असतं म्हणून त्या तिकिटावर आधीच जास्तीची मिनिटं घालून ठेवतात. मुंबई-दिल्ली बघा, अंतर ११५० च्या आसपास, माझ्या हिशोबाने दोन तास, तिकिटावर सव्वादोनच्या आसपास दिसतं. अंतर जितकं कमी तितकी ही वरची मिनिटं जास्त डोळ्यात येतात.

विमान कोणतं आहे यानेही फरक पडतो. मोठी, दोन मार्गिकांची विमानं, म्हणजे ड्रीमलायनर किंवा ए-३५०, ताशी ९०० च्या आसपास जातात. मधे एकच मार्गिका असलेली छोटी विमानं ८३० च्या आसपास. या अंतराला फरक पडतो वीस-बावीस मिनिटांचा, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका, मोजायचेच तर गुडघ्यांसाठी मोजा.

वाऱ्याचं काय? पूर्वेला जाताना विमान लवकर पोचतं हे आपण ऐकलेलं असतं आणि उत्तर भारतावरून, चीन-जपानकडे जाताना ते खरंच, हिवाळ्यात तिथे पश्चिमेकडून जोराचा जेट वारा, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा वाऱ्याचा झोत, असतो. मुंबई-सिंगापूर मार्ग मात्र त्याच्या बराच दक्षिणेला आहे, तिथे त्याचा हात तेवढा पोचत नाही. उलट पावसाळ्यात दक्षिण भारताच्या वर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट वारा तयार होतो, पी. कोटेश्वरम या आपल्याच हवामानशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये त्यावर लिहिलं होतं. तो विमानांच्याही वर सगळ्यात जोरात असतो पण त्याची खालची बाजू विमानाला लागते. म्हणजे जून ते सप्टेंबर जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून, पुस्तकातल्या नेहमीच्या नियमाच्या बरोबर उलटं. मिनिटांचाच खेळ आहे हा, तासांचा नाही, पण पुढे विमान बदलायचं असेल तर मिनिटंही लागतात. खरी वेळ हवी असेल तर फ्लाइटरडार या विमानांचा माग दाखवणाऱ्या वेबसाइटवर तुमच्या विमानाचा नंबर टाका आणि मागच्या आठवड्यात ते रोज किती वाजता उडलं, किती वाजता उतरलं ते बघा. तिकिटावरच्या वेळेपेक्षा माझा विश्वास त्याच्यावर जास्त.

आता घड्याळ, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तिकिटावर निघायची वेळ निघण्याच्या शहराची आणि पोचायची वेळ पोचण्याच्या शहराची, नेहमी. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे. समजा विमान मुंबईहून रात्री ११:३० ला आहे आणि सिंगापूरला सकाळी ७:३० ला, तर दिसतात आठ तास, त्यातून अडीच वजा करा, साडेपाच. येताना संध्याकाळी ७:३० ला निघून रात्री १०:३० ला मुंबई, दिसतात तीन तास, त्यात अडीच मिळवा, परत साडेपाच. पूर्वेला जाताना वजा, पश्चिमेला येताना अधिक, बस. मावशीला पहिल्यांदा तिकीट पाठवलं तर ती खूश, म्हणे जाताना आठ तासांचं स्लो विमान आणि येताना तीन तासांचं फास्ट का घेतलंस, दोन्हीकडे फास्टच घ्यायचं ना.

हा अडीच तासांचा फरक पूर्वी दोनच तासांचा होता. सिंगापूरचं घड्याळ आधी जागतिक वेळेच्या साडेसात तास पुढे होतं, मग मलेशियाने आपल्या पूर्व-पश्चिम दोन्ही भागांची वेळ एक करायचं ठरवलं आणि त्यांच्याबरोबर सिंगापूरनेही १ जानेवारी १९८२ पासून घड्याळ अर्धा तास पुढे केलं. रेखांशाप्रमाणे बघितलं तर सिंगापूर सात तासांच्याच जवळ बसतं, म्हणजे तिथलं घड्याळ सूर्याच्या जवळपास एक तास पुढे पळतंय. याचा तुम्हाला उपयोग असा की तिथे वर्षभर सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सातच्या सुमाराला मावळतो. सकाळी साडेसहाला बाहेर पडलात तर काळोखच असेल, आई पहिल्या वेळी म्हणाली होती, अगं आपण रात्रीच पोचलो की काय.

दुसरा सापळा तारखेचा, आणि हा जास्त महाग पडतो. विमान १५ तारखेला ००:२० ला आहे असं लिहिलेलं असलं तर घरातून निघायचं १४ ला संध्याकाळी. १५ ला रात्री नाही! आमच्याच घरात हे होता होता राहिलंय, बॅगा भरायच्या बाकी, जेवणं चाललेली आणि मी सहज तिकीट बघायला मागितलं, पुढचे दोन तास कसे गेले ते विचारू नका. तेव्हापासून मी घरातल्यांना विमानाची वेळ सांगतच नाही, घरातून निघायची तारीख, वार आणि वेळ सांगते. "मंगळवारी संध्याकाळी पावणेसातला रिक्षा खाली उभी राहील", एवढंच.

फोनच्या कॅलेंडरचं पण बघा. परतीचं विमान भारतात बसून कॅलेंडरमध्ये टाकलंत आणि टाइम झोन सिंगापूरचा निवडला नाहीत, तर तिकडे गेल्यावर फोन स्वतःहून ती नोंद अडीच तास पुढे सरकवतो. ७:३० चं विमान १०:०० ला दिसायला लागतं. मी परतीची वेळ कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये घालते, हसायचं तर हसा.

मधे थांबून जाणारं स्वस्त तिकीट घ्यायचं का? इथे अंतराचा हिशोब फसवतो. क्वालालंपूर जवळजवळ सरळ रेषेतच आहे, तिथून गेलात तर मुंबई ते क्वालालंपूर ३६०० च्या वर आणि पुढे सिंगापूर ३००, एकूण अंतर साधारण तेवढंच. कोलंबोवरून साधारण ४२७०, बँकॉकवरून साधारण ४४५०. म्हणजे जास्तीत जास्त साडेपाचशे किलोमीटर वाढतात, चाळीस मिनिटांचं उडणं. पण वेळ वाढतो तो जमिनीवर, एकदा उतरायचं, सुरक्षा तपासणी, वाट बघायची, परत चढायचं, म्हणून क्वालालंपूरच्या रस्त्याला एक किलोमीटरही न वाढता तीन-चार तास सहज वाढतात. दोन वेगवेगळी तिकिटं काढून पैसे वाचवणार असाल तर आणखीनच, कारण मग बॅग घेऊन बाहेर यायचं, म्हणजे त्या देशाच्या प्रवेशाचे नियम आले, परत चेक-इन करायचं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमची वाट बघत नाही. पाच तासांच्या प्रवासाला माझं मत सरळ विमान. दोन-तीन हजार वाचवायला रात्रीची झोप घालवायची नाही, आई-बाबांबरोबर तर नाहीच.

आता तिसरं उत्तर, बारा तासांचं. हे उलटं मोजायचं, विमानापासून घराकडे. विमान ११:३० चं. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, गेट त्यानंतर. रात्रीची गर्दी धरली तर टर्मिनल २ ला साडेआठला पोचलेलं बरं. डोंबिवलीहून तिथे पोचायला टॅक्सीला संध्याकाळी किती वेळ लागेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, दीड तास पण लागतो आणि अडीच पण. एकच चाकाची बॅग असेल तर मी आता लोकलनेच जाते. घाटकोपरला उतरायचं, मेट्रो एकने मरोळ नाका, तिथे भुयारी अ‍ॅक्वा लाइनला बदलायचं आणि पुढचंच स्टेशन टर्मिनल २. संध्याकाळी सगळी मुंबई कल्याणकडे येत असते, तुम्ही उलट जाता, त्यामुळे गाडीत बऱ्यापैकी जागा मिळते. त्रास फक्त घाटकोपरच्या पुलावर, तिथे मेट्रोतून उतरलेली माणसं तुमच्या अंगावर येतात आणि तुम्ही बॅग घेऊन प्रवाहाच्या विरुद्ध. दोन मोठ्या बॅगा आणि आई-बाबा असतील तर मुकाट्याने टॅक्सी करा.

आणि निघण्याआधी विमानतळाचा कोड बघा. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तिकिटावर बीओएम असेल तर सहार, एनएमआय असेल तर उलवे. दोन्ही "मुंबई"च दिसतात आणि मधे अख्खी खाडी आहे.

तर पावणेसातला घर सोडलं, साडेअकराला विमान, म्हणजे पावणेपाच तास इथेच गेले. विमानाचे साडेपाच. चांगीला इमिग्रेशनला यंत्रं आहेत, चेहरा, डोळे दाखवायचे आणि पुढे जायचं, पण त्याआधी ऑनलाइन एसजी अरायव्हल कार्ड भरलेलं पाहिजे, ते पोचायच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत भरायचं. ते फुकट असतं. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही, बंद करा. व्हिसा हा वेगळा आणि तो आधीच काढलेला हवा, हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, दरवेळी कोणीतरी हे विचारतंच. उतरणं, चालणं, बॅग, असा तासभर धरा. दादा क्लेमेंटीला राहतो, म्हणजे बेटाच्या दुसऱ्या टोकाला, विमानतळावरून एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, ताना मेराला गाडी बदलायची, आणि पुढे तासाभरात घर. एमआरटी सकाळी साडेपाचच्या सुमाराला सुरू होते आणि मध्यरात्रीच्या आधी बंद होते, त्यामुळे पहाटे तीन-चारला उतरणारं स्वस्त विमान घेतलंत तर टॅक्सीचे पैसे त्यात मिळवा. टर्मिनल ४ ला उतरलात तर तिथे रेल्वे नाही, आधी शटल बसने दुसऱ्या टर्मिनलला यायचं, त्याची वीस मिनिटं.

बेल वाजवली तेव्हा तिथे सकाळचे साडेनऊ, आपल्याकडचे सात. एकूण सव्वाबारा तास, त्यात विमान जेमतेम साडेपाच. झोप म्हणाल तर जेवणाचा ट्रे नेईपर्यंत भारतातला एक वाजतो आणि साडेचारला दिवे लावतात, साडेतीन तास, तेही बसून. हॉटेलवर राहणार असाल तर खोली दुपारी दोन-तीनच्या आधी मिळेलच असं नाही, तेव्हा बॅग हॉटेलवर किंवा विमानतळावर ठेवून द्या. टर्मिनल १ ला लागून ज्वेल नावाचा मॉल आहे, तिथला ४० मीटरचा धबधबा बघत बसायला पैसे पडत नाहीत, पण तो सकाळी उशिरा सुरू होतो, साडेसातला जाऊन उभं राहू नका.

येतानाचं लोक विसरतात. क्लेमेंटीहून तासभर, चांगीला अडीच तास आधी, म्हणजे ७:३० च्या विमानाला दुपारी चारला निघायचं. मुंबईत १०:३०, इमिग्रेशन आणि बॅग होईपर्यंत पावणेबारा, आणि तेव्हा अंगातलं घड्याळ सव्वादोन म्हणत असतं. अ‍ॅक्वा लाइन तोपर्यंत बंद झालेली असते, तेव्हा जातानाचा लोकलचा प्लॅन उलट फिरवायला जाऊ नका, टॅक्सीच करा. रात्रीचा रस्ता मोकळा असतो, एकच्या आसपास घरी. आणि टॅक्सीत बसल्या बसल्या दादाला पोचल्याचा मेसेज टाका, फोन करू नका, त्याच्याकडे अडीच वाजून गेलेत.